मी मारलेला घड्याळवाला

एका मंगळवारी दुपारी, जेवणाची भांडी तशीच ओट्यावर ठेवून, मी एका सज्जन माणसाला ट्रकखाली घातलं. मौद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, स्कूटरसकट. कारण एकच होतं. माझी नणंद त्याच्याबद्दल माझ्यापेक्षा चांगलं लिहीत होती.

माणूस खरा नव्हता, हे लगेच सांगून टाकते. टीव्हीवरच्या एका मालिकेतला होता, आणि मी त्याला मारलं ते फोनवर लिहिलेल्या एका गोष्टीत. पण मूर्खपणा मारण्यात नव्हता. मूर्खपणा हा, की मला वाटलं, मी मारला म्हणजे तो सगळ्यांसाठीच मेला. आता नणंदबाई कोणाबद्दल लिहितात ते बघू, असं मनात म्हणून मी भांडी घासायला गेले. घासताना गुणगुणतही होते.

तेव्हा मी लहान होते. बासष्ट वर्षांची. आता एकोणसत्तर पूर्ण झाली, त्यामुळे त्या पोरीबद्दल जरा मोकळेपणाने बोलता येतं.

ती मालिका एका श्रीमंत घराण्याची होती. चार जावा, एक तिजोरी, आणि जिना उतरताना दर आठवड्याला कोणाचा तरी तोल जायचा. मला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या बंगल्यासमोरच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस होता, पन्नाशीचा, बायको वारलेला. त्याच्या दुकानासमोर विद्यार्थ्यांची मेस चालवणारी एक बाई होती, तिचा नवरा तिला केव्हाच सोडून गेलेला. एका भागात या दोघांच्या वाट्याला फार तर तीन मिनिटं यायची. तो डबा न्यायला यायचा. ती म्हणायची, "आज भाजीत मीठ जास्त झालंय." तो म्हणायचा, "चालेल." बस. त्या एका 'चालेल'साठी मी बाकीचा सगळा वेळ टीव्हीसमोर बसून मेथी निवडायचे.

मग एक दिवस मालिका गुंडाळली. चारही जावांचं गोड झालं, तिजोरी सापडली, आणि हे दोघं गल्लीत तसेच राहिले. तो डबा न्यायला दारात आलेला, ती डबा आणायला आत गेलेली, आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. मी दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलले नाही.

नातीने माझ्या फोनवर गोष्टींचं एक ॲप टाकून दिलं होतं. ती म्हणाली, "आजी, तूच लिही ना त्यांचं पुढचं. याला फॅन फिक्शन म्हणतात. लोक आवडत्या पात्रांवर स्वतःच्या गोष्टी लिहितात."

"म्हणजे दुसऱ्याच्या घरची माणसं आपल्याकडे जेवायला बोलवायची," मी म्हटलं.

"हो, तसंच."

मग मी बोलावलं. पहिल्या गोष्टीत त्या बाईला डबा घेऊन बाहेर आणलं, एवढंच केलं. वाचणाऱ्या बायका खूश झाल्या. माझ्यासारख्या पुष्कळजणी त्या दारात अडकून बसल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या गोष्टीत तिला ताप आणला आणि त्याला काढा करायला लावला. तिसरीत एक छत्री, दोघं खाली. चौथीत लिफ्ट बंद पाडली. दहाव्या गोष्टीपर्यंत माझी कॉलर ताठ होती. बाराव्या गोष्टीला लक्षात आलं, की छत्री संपली, ताप संपला, लिफ्टही संपली, आणि ही दोघं तर माझ्यासमोर अजून बसलीच आहेत, आता काय म्हणून.

एखादी जोडी जिवापाड आवडत असली, की हाच घोळ होतो. सोडवत नाही, आणि नवं काही सुचत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून मी एक कागद चिकटवला आणि वापरून झालेल्या गोष्टी लिहून ठेवायला लागले. छत्री, झाली. ताप, झाला, दोनदा. गैरसमज, झाला. जुनं पत्र सापडणं, झालं. हा कागद लांबत गेला तसतशी मी घाबरत गेले, आणि घाबरले की मी लांब पळते. घड्याळवाल्याला जुळा भाऊ दिला. मेसवालीची स्मृती घालवली. दोघांना तीनशे वर्षं मागे नेऊन तिला राजकन्या आणि त्याला सैनिक केलं. भूकंप आणला. शेवटी स्वित्झर्लंडला पाठवलं. तिथे गुडघाभर बर्फात उभं राहून तो म्हणाला, "चालेल."

खाली एका मुलीने लिहिलं होतं, "काकू, या बाईंना परत ताप? एकदा रक्त तपासून घ्या ना त्यांचं."

आता नणंदेबद्दल. ती सावनेरजवळ खाप्याला असते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती आठवीत होती. तिच्या वेण्या मी घातल्या, पोळी लाटायला मी शिकवलं, आणि फोनवर मराठी लिहायलाही मीच शिकवलं. हे शेवटचं शिकवलं नसतं तर मी सुखात असते. अक्षरं दाबणं तिला जमेना, म्हणून मी तिला बोलून लिहायचं बटण दाखवलं. ती बोलते, फोन लिहितो. माझ्या गोष्टी वाचून वाचून तिलाही हुक्की आली. म्हणाली, "वहिनी, मी पण एक टाकू का वं? तुमच्याच दोघांवर?"

मी मोठ्या मनाने म्हटलं, "टाक ना. ते काय माझे एकटीचे आहेत?"

ते माझे एकटीचेच होते. हे मला तिची पहिली गोष्ट वाचताना कळलं.

त्या गोष्टीत काय होतं सांगू? मेसमधलं एक टेबल डगमगतं. एक पाय आखूड आहे. मेसवाली पुठ्ठ्याची घडी घालून बघते, जाड होते. घड्याळवाला वर्तमानपत्र घालतो, पातळ होतं. असं करत दोघं अख्खी दुपार त्या टेबलाखाली वाकलेली. शेवटी तो दुकानात जातो, एका बंद पडलेल्या घड्याळाचं मागचं झाकण आणतो आणि पायाखाली सरकवतो. टेबल उभं राहतं. ती त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून बघते. पाणी हलत नाही. संपली गोष्ट.

एका बाईने खाली लिहिलं, ऑफिसात डबा खाताना वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. टेबलाच्या पायासाठी! माझ्याकडे अख्खा भूकंप होता, कोणी एक थेंब काढला नाही.

त्यानंतर ती आठवड्याला एक टाकायला लागली आणि माझी वाईट सवय सुरू झाली. सकाळी उठले की दात घासायच्या आधी मी तिच्या गोष्टीला किती वाचक मिळाले ते बघायचे. मग माझ्या. मग परत तिच्या, न जाणो मधल्या वेळात कमी झाले असतील. एकदा मी तिच्या गोष्टीला एकच तारा दिला. दिल्यावर कळलं, की कोणी दिला हे नावासकट दिसतं. घाईघाईने पाच केले. तासाभरात तिचा फोन. "जयभीम वहिनी. तुमाले लयच आवडली वाट्टे?"

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळवलं नाही ते आमच्या ह्यांचं हसणं.

हे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माझी गोष्ट वाचून झाली की फाईलवर शेरा मारावा तसं म्हणायचे, "वाचलं." मी विचारायचे, कशी आहे? "ठीक हाय." आणि बहिणीची गोष्ट वाचताना पुढच्या खोलीत खी खी करून हसायचे. मला हाक मारायचे. "अवं, इकडे ये! बाईनं काय लिवलं पाह्य! थे मेसवाली त्याले म्हणते, तुमाले डबा लागते का डब्बेवाली? हा हा हा!"

ते हसू स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि माझ्या हातची पोळी जाड व्हायची. माझ्या गल्लीतली माणसं, मी दारातून बाहेर काढलेली, आणि माझ्या नवऱ्याला हसवणार ती? एका सोमवारी हे असे दोनदा हसले. मंगळवारी मी ट्रक काढला.

मारलं तेही मोठ्या थाटात. चार पानं. शेवटच्या क्षणी त्याच्या मनगटावरचं घड्याळ थांबतं वगैरे. माझी खात्री होती, की चहाच्या वेळेपर्यंत हाहाकार उडेल आणि नणंद हात जोडून बसेल. संध्याकाळी पाहिलं तर हात जोडलेली दोन चित्रं आली होती, आणि एकीने लिहिलं होतं, "भावपूर्ण श्रद्धांजली काकू." म्हणजे मीच गेले. आणखी एकजण म्हणत होती, "हे काय केलंत? असो, मी त्या दुसऱ्या ताईंकडे वाचते, तिथे ते बरे आहेत."

त्या दुसऱ्या ताईंकडे ते खरंच बरे होते. तिने त्याच दिवशी नवीन गोष्ट टाकली होती. तो दुकानाच्या पायरीवर बसून तर्री पोहे खात होता आणि मेसवाली त्याच्या शर्टावरचा तर्रीचा डाग बघत होती. पाठोपाठ फोन.

"जयभीम वहिनी. तुमचा मेला म्हणे?"

"हो," मी म्हटलं.

"अव बाप्पा! माझा तं आत्ताच पोहे खाऊन राहिला. काहून मारलं बिचाऱ्याले?"

"गोष्टीची गरज होती."

"असंल बाप्पा. तुमचं तुमाले ठाऊक."

आता मजा अशी, की फजिती पुरी झाली ती पुढे. मला लिहायचं होतं आणि लिहायला तो नव्हता. मेसवालीवर एकटीवर दोन भाग लिहिले. ती खिडकीशी बसायची, समोरच्या बंद दुकानाकडे बघायची. दोन्ही भागांत तेवढंच. दुपारी चहाच्या वेळेला पूर्वी मला त्या दोघांचं बोलणं कानात ऐकू यायचं, ते बंद झालं. मला करमेना. स्वतःच्या हाताने घालवलेल्या माणसासाठी झुरायचं, आणि तो चार तालुके पलीकडे, म्हणजे खाप्याला, मजेत पोहे खातोय हे वाचायचं. सवत परवडली. तिच्याशी निदान भांडता तरी येतं.

मी ठरवलं, जाऊन बघायचं. ही बाई करते तरी काय? तीच दोन माणसं, तीच गल्ली, तीच मेस, आणि दर वेळी वाचणाऱ्याला वाटतं आजच ओळख झाली. काही पुस्तक वगैरे बघून लिहीत असेल, किंवा कोणी सांगणारं असेल. निमित्तही होतं. ह्यांच्या भिवापूरच्या घरून वर्षाच्या मिरच्या आल्या होत्या, त्यात तिचा वाटा. पिशवी उचलली आणि सावनेरची बस धरली.

दोन दिवस मी तिच्या मागे मागे होते. ना पुस्तक, ना वही. सकाळी नळावर भांडण झालं, ती तिकडे गेली. दुपारी नंदईंच्या चष्म्याची दांडी तुटली, तिने दोरा बांधून दिला. बाकी काही नाही. शेवटी मिरच्यांची देठं काढायला बसलो तेव्हा माझा धीर सुटला. दोघींचं नाक गळत होतं, त्यामुळे चेहरा लपवायची सोय होती.

"तुले सुचतं कसं वं?" मी विचारलं.

"काय?"

"ते दोघं. रोज रोज तेच दोघं. कंटाळा नाही येत?"

ती शिंकली. पदराने नाक पुसलं. म्हणाली, "वहिनी, माह्या लग्नाले चौतीस वर्षं झाले. परवा मले समजलं का आमच्या ह्याइले वांग्याचं देठ चोखाले आवडते. चौतीस वर्षं मी देठं कापून फेकून राहिली, आन् हा माणूस एक शब्द बोलला नाई. परवा चुकून एक राहून गेलं, तं असा चोखत बसला जसा आंबा हाय. मी पाहतच राहिली."

"मग?"

"मंग काय? त्या मेसवालीच्या भाजीत देठ ठेवलं. झाली गोष्ट."

"एवढंच?"

"एवढंच. एकानं दुसऱ्याचं काईतरी एक नवं पाहा लागते. लहानसं. ज्या दिवशी मले नाई दिसलं त्या दिवशी मी लिवतच नाई."

मी मिरच्या खुडत राहिले. तिला वाटलं असावं, मला समजलं नाही. म्हणून तिने आणखी समजावलं, आणि ते मला जास्त लागलं. "तुमी त्याले पाहतच नाई, वहिनी. तुमी त्याले फिरवता."

परतीच्या बसमध्ये मी अख्खा रस्ता धुमसत होते. तिच्याकडे एखादं मोठं गुपित निघालं असतं तर बरं झालं असतं. नशीब, म्हणून सोडून दिलं असतं. पण ही नुसती नजर होती. ती मलाही होती, आणि लग्नाला माझ्या बेचाळीस वर्षं झाली होती, तिच्यापेक्षा आठ जास्त. तिच्याकडे चौतीस वर्षांत देठ निघालं, तर माझ्याकडे निदान अख्खं वांगं निघायला हवं.

घरी आले आणि ह्यांच्यावर पाळत ठेवली. चहा कसा पितात, वर्तमानपत्र कुठल्या पानापासून उघडतात, चप्पल आधी कुठल्या पायात घालतात. सगळं मला पाठ होतं. बशीत ओततील, ओतला. मागच्या पानापासून, उघडलं. उजवा पाय, घातला. हा माणूस मी केव्हाच वाचून संपवलेला होता. चौथ्या दिवशी ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "काय वं, काहून अशी पाहून राहिली? माह्या तोंडावर काई उठलं का?"

"नाही, असंच."

"मंग असंच नको पाहू. भेव वाटते."

आठव्या दिवशी मी वाळलेले कपडे काढायला मागच्या गॅलरीत निघाले. दुपारी उन्हात बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, म्हणून जरा उतरल्यावर गेले. उन्हाळ्यात कुलरमध्ये पाणी भरणं हे ह्यांचं काम. गॅलरीत कुलर, हातात पाइप, पंपाची घरघर. त्यामुळे त्या वेळी मी तिकडे कधी फिरकत नसे. दाराशी आले आणि बाहेरून बोलण्याचा आवाज आला. मला वाटलं, शेजारी आले असतील. डोकावले तर कोणी नाही. हे एकटेच, कुलरच्या पाठीवर हात ठेवून उभे.

"पी गा, पी," हे कुलरला म्हणत होते. "घाई नको करू. लय तपलं ना आज? पी." मग पाइप दुसऱ्या बाजूला फिरवला. "तुही मालकीण खाप्याहून आली तवापासून मले चोरावानी पाहून राहिली. तुले काई बोलली का? नाई? मलेई नाई बोलली." पाणी काठापर्यंत आलं तसं त्यांनी कुलरला दोन थापा मारल्या. "बस झालं. आता बरोबर हवा मारजो."

ह्यांच्या लहानपणी भिवापूरला घरी बैल होते, हे मला माहीत होतं. त्या बैलांना पाणी पाजणं ह्यांच्याकडे होतं, हेही माहीत होतं. ते बैल बेचाळीस उन्हाळे माझ्या मागच्या गॅलरीत उभे आहेत, हे माहीत नव्हतं.

मला आधी हसू आलं. मग राग आला. मग, खोटं कशाला बोलू, मला त्या कुलरचा मत्सर वाटला. पत्र्याच्या पेटीशी एवढं सलग, एवढ्या मायेने बोलणारा माणूस मला सकाळपासून "चहा", "पेपर" आणि "जेवाले वाढ" या तीन शब्दांवर ठेवतो! मी पाय न वाजवता मागे फिरले. कपडे तारेवरच राहिले.

स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मी लिहिलं. परीक्षा संपून विद्यार्थी गावी गेले आहेत. मेस रिकामी आहे. मेसवालीचा हात दुखतो म्हणून घड्याळवाला कुलर भरायला मागच्या दाराने येतो. पाणी भरता भरता कुलरशी बोलतो. ती हातात झारा घेऊन दाराआड उभी राहून ऐकते. तो सांगत असतो ते सगळं तिला सांगण्यासारखं असतं. ती पुढे होत नाही, कारण पुढे झाली तर तो गप्प होईल. कढईतलं तेल तापून धूर निघतो तरी ती जात नाही. एवढंच. दोन पानं.

ट्रकचं काय झालं, याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. त्या रक्त तपासायला सांगणाऱ्या मुलीने विचारलं, "काकू, हे तर मेले होते ना?"

मी उत्तर दिलं, "मेले होते. ऊन वाढलं, कुलर कोण भरणार, म्हणून परत आले."

ह्यांनी गोष्ट वाचली. हसले नाहीत. 'वाचलं' असंही म्हणाले नाहीत. फोन खाली ठेवला, गॅलरीच्या दाराकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

"थो कुलरशी बोलते, हे जरा जास्तच नाई झालं काय?" त्यांनी विचारलं.

"का? कोणी बोलत नाही?"

"कोण बोलंल? येडं हाय काय कोणी?"

"तेच म्हणते मी."

दुसऱ्या दिवसापासून ते कुलरशी कुजबुजायला लागले. मी गॅलरीच्या दाराआड पाटावर बसून सगळं ऐकते. अजूनही. त्यावर माझ्या सात-आठ गोष्टी झाल्या.

पण त्या पहिल्या गोष्टीनंतर मी वाट बघत होते ती खाप्याच्या फोनची. माझी कुठलीही गोष्ट आली, अगदी स्वित्झर्लंडसुद्धा, तरी नणंद त्याच दिवशी फोन करायची, "मस्त हाय वहिनी" म्हणायची आणि मी तिच्या त्या मोठ्या मनावर जळायचे. या वेळी एक दिवस गेला. दोन गेले. गोष्ट तिने पहिल्याच तासात वाचल्याचं ॲपवर दिसत होतं. तारे दिले नव्हते. मला वाटलं, तिला कळलं. भावाची चोरून ऐकलेली बोलणी मी चव्हाट्यावर मांडली म्हणून ती रागावली. मी कबुलीचं भाषणही तयार केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. जयभीम नाही, तब्येत विचारणं नाही.

"वहिनी, गोष्ट वाचली. तीन दिवस झाले, मी लिवाले फोन घेऊन बसते आन् तशीच उठते, एक शब्द येऊन नाई राहिला. दादाची थे बैलाशी बोलाची सवय मले लहानपणापासून माहीत हाय, मंग मले हे काहून नाई सुचलं? आता असं करा, महिनाभर तुमी बिमार पडा, नाईतं हात मोडून घ्या. पण लिवू नका."